दिव्याला फास्टचा थांबा म्हणजे उपकार नव्हे

आगासन रोड
काल मध्य रेल्वेच्या प्रवाशांच्या या चर्चेत एकानं लिहिलं: ‘दिव्याचे फास्टचे थांबे काढा. दिव्याहून लोकल सोडायची मागणी तर ऐकूनही घेऊ नका. स्वस्तात घर घेताना स्टेशन बघायचं होतं.’ खाली दहा-बारा जणांनी ‘अगदी बरोबर’ म्हटलंय. रात्रभर टोचत राहिलं, म्हणून लिहितोय.

स्टेशन बघूनच घर घेतलं, दादा. ठाणे आणि डोंबिवलीच्या मधलं दिवा जंक्शन आहे. वसईची लाइन इथून फुटते, पनवेलची फुटते, कोकणातल्या गाड्या इथूनच वळतात. तरी डिसेंबर २०१६ पर्यंत इथे फास्ट लोकल थांबत नव्हती. थांबा कुणी आपणहून दिलेला नाही. २ जानेवारी २०१५ ला सकाळी गाड्या खोळंबल्या, लोक रुळावर उतरले, दगडफेक, जाळपोळ झाली. मोटरमनवर हात उचलला गेला, त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण त्याआधी वर्षानुवर्षं अर्ज-निवेदनं देऊन कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, हेही खरंच आहे.

आणि थांबा मिळून काय झालं? गाडी येते तीच दारापर्यंत ठासून. मागच्या महिन्यात माझ्या पुढच्या पोरानं फुटबोर्डवर पाय ठेवला. दांडा धरून आडव्या उभ्या असलेल्या एकानं कोपरानं छातीत ढकललं. ‘कल्याणपासून उभाय मी, तू कुठं घुसतोस?’ पोरगा फलाटावर बसला आणि त्याचा एक बूट गाडीबरोबर मुंब्र्याला गेला. इंटरव्ह्यूला निघाला होता तो.

म्हणून आम्ही डाऊन करतो. मी चार वर्षं रोज दिव्याहून डोंबिवलीला उलटा जातो आणि तिथून सुटणारी लोकल पकडून परत दिव्यावरूनच मुंबईला येतो. मागणी एवढीच आहे, गर्दीच्या वेळी चार लोकल दिव्याहून सुटू द्या.

बदलापूरकर
कालचं मीच लिहिलं होतं. स्वस्त घराचं बोललो ते लागलं असेल, पण बाकीच्यावर ठाम आहे.

व्हीटीपासून दिवा ४२ किलोमीटर, बदलापूर ६८, कर्जत १००, कसारा १२०. आम्ही फास्ट पकडतो ती वेळ वाचावी म्हणून. एक थांबा म्हणजे फक्त अर्धा मिनिट उभं राहणं नव्हे. वेग कमी करा, दारातली मारामारी संपू द्या, पुन्हा वेग घ्या. मागची गाडी तीन-चार मिनिटांवर असते, तिला सिग्नल मिळत नाही, आणि ते थेट अंबरनाथपर्यंत साचत जातं. त्यात दिव्याचं रस्त्याचं फाटक! रस्त्यावरच्या गाड्यांमुळे ते वेळेत लागत नाही म्हणून बाहेर किती वेळा उभा राहिलोय, मोजदाद नाही. संध्याकाळी मुलीला झोपण्याआधी भेटायचं असतं हो मला.

आणि डाऊनचं तुम्हीच कबूल केलंत. डोंबिवलीची लोकल डोंबिवलीकरांसाठी सुटते. ती फलाटाला लागते तेव्हा खिडक्यांवर बसलेले कोण असतात?

आगासन रोड
फाटक आम्ही हौसेनं उघडं ठेवतो का? गावाचे दोन भाग रुळाच्या दोन बाजूंना आहेत. उड्डाणपूल पुरा झाला असता तर फाटक कधीच कायमचं बंद झालं असतं. पूल रखडला त्याचा राग पुलावर काढा, आमच्यावर नको.

लेडीज सेकंड
पुरुषांच्या डब्याची चर्चा ऐकून झाली असेल तर आमचंही ऐका. माझी बहीण दिव्याची, मी डोंबिवलीची, म्हणजे मी दारातल्या बाजूला असते. दिवा आलं की आतून बायका ओरडतात, ‘जागा नाही, मागची घे!’ मीही ओरडलेय. एकदा अशीच ओरडले आणि बाहेर माझी बहीण होती. सात महिन्यांची पोटुशी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मागे सरकली. अपंगांच्या डब्यात चढू शकली असती, पण तोही भरलेला. त्या दिवसापासून मी दारात उभी राहत नाही.

दिव्याहून लोकल सुटलीच पाहिजे.

लालबाग–लांजा
तुम्ही सगळे लोकलवरून भांडताय, पण दिव्याचं नाव निघालं की आम्हा कोकणवाल्यांच्या पोटात गोळा येतो. दादर–रत्नागिरी पॅसेंजर करोनाआधी दादरहून सुटायची. आता दिव्याहून सुटते. का, तर म्हणे वेळापत्रक सांभाळायला. आमची माणसं लालबाग, परळ, घाटकोपर, भांडुपला. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला, दोन पिशव्या आणि तांदळाची गोणी घेऊन लोकलनं दिव्याला यायचं, जिना चढायचा, उतरायचा. मागच्या मे महिन्यात ती पुलाच्या मधोमध पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘तू जा रे, मी काय येत नाय.’ गाडी समोर उभी दिसत होती.

बदलापूरकर
वाईट वाटलं. पण हा विषय वेगळा आहे.

लालबाग–लांजा
वेगळा कसा? दादरला जागा नाही म्हणून आम्हाला दिव्यात आणून टाकलं. आता दिव्यात जागा नाही म्हणून दिवेकरांना डोंबिवलीला पाठवताय. कोकण रेल्वे १९९८ ला सुरू झाली, तिच्यासाठी जमिनी दिल्या त्या आमच्या लोकांनी. पॅसेंजर ही गरिबाची गाडी. ती मुंबईच्या बाहेर काढली याचा हिशोब कोण देणार?

आगासन रोड
तुमची गाडी दिव्याहून सुटते म्हणून आमच्यावर रागावू नका. गणपतीत फलाटावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आमचे रोजचे पासवालेही त्यातच चेंगरतात. गाडी परत दादरला न्या, पहिली सही मी करतो.

परळ ते पेण
सह्या करून काय होतं? सह्यांचे गठ्ठे मीही दिलेत. माणगाव, खेडच्या लोकांना आरक्षण मिळत नाही आणि जनरलचे दोन डबे. आधी त्याचं बोला.

ठाणे पूर्व
दिव्याहून लोकल म्हणजे नवी गाडी मिळणार नाही, ठाण्याहून सुटणाऱ्याच मागे नेणार, हे लक्षात घ्या. मग ठाण्यात ती भरूनच येणार. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून आमच्या ठाण्याला आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला गेले आणि तेव्हापासून आम्ही मधलं स्टेशन झालो. ठाणे लोकल हा एकच आधार उरलाय, तोही काढू नका.

जुना पासवाला
तेहतीस वर्षं पास काढला, आता निवृत्त आहे. दोन्ही बाजूंना सांगतो.

दिव्याला गाडी परत फिरवायची तर तिला डाऊनवरून (मुंबईहून येणाऱ्या रुळावरून) अपवर (मुंबईकडे जाणाऱ्या रुळावर) आणावी लागते. ती रूळ ओलांडेपर्यंत बाकीच्या थांबतात. वेगळा फलाट आणि सायडिंग, म्हणजे गाडी उभी करायला बाजूचा रूळ, असेल तरच जमतं. म्हणून ही मागणी नुसती वेळापत्रकाची नाही, बांधकामाची आहे, आणि ती तशीच मांडायला हवी.

बदलापूरकरांना हे: ठाणे–दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली. मेल-एक्स्प्रेस पारसिकच्या बोगद्यातून जाऊ लागल्या आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या वळणावरून. वाढीव लोकल मिळतील अशी आपली आशा होती, त्यासाठी मेगाब्लॉक सोसले. ९ जून २०२५ ला त्याच वळणावर दारात लटकलेली माणसं पडली आणि गेली. ती कसारा-कर्जतच्या गाड्यांतली होती. दिव्याला चढू न शकलेला माणूस आणि दारात लटकलेला माणूस एकाच कमतरतेचे बळी आहेत.

बदलापूरकर
त्या दिवशी माझा मित्र मागच्या गाडीत होता. त्यानं फोन केला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. असो.

सायडिंग बांधून, नवे रेक, म्हणजे नव्या गाड्या, आणून सोडणार असतील तर माझा विरोध नाही. आमची एकही फेरी कमी करून नको. आणि थांबा काढा म्हणालो ते मागे घेतो, पण फाटक मात्र बंद झालंच पाहिजे.

लेडीज सेकंड
ऑगस्ट २०२२ आठवतंय? साध्या लोकलच्या जागी एसी आणल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूर एकाच आठवड्यात उठले आणि दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. एकत्र उठलं तरच ऐकतात.

ठाणे पूर्व
ठाणे लोकलला हात लावणार नाही असं लिहून द्या, मग मी येतो तुमच्याबरोबर.

आगासन रोड
लिहून देतो. निवेदनात पहिलं वाक्य तेच टाकतो. बदलापूरकर, फाटकाचं दुसरं.

लालबाग–लांजा
आणि दादर–रत्नागिरीचं?