३०-३८ हजारात ग्राफिक्स कार्ड कुठलं? जुन्या बी४५० बोर्डवर टाकायचंय

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी, भाव काढून काढून डोकं फिरायची वेळ आलीय. माझ्याकडं रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) आणि जुनं जीटीएक्स १६५० कार्ड हाय जे सायबरपंक गेम लावला की जीव सोडतंय. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. नवी पेठेत आणि ऑनलाइन दोन्हीकडं बघितलं, एएमडीचं आरएक्स ७६०० साधारण २५ हजार, इंटेलचं आर्क बी५८० २६, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० तीसच्या थोडं वर आणि एएमडीचंच आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी ३८. यूट्यूबवाले सगळे बी५८० पैसा वसूल म्हणतेत, दुकानदार म्हणतोय एनव्हिडिया सोडून काही घेऊच नका. बजेट तीस, लय ताणलं तर ३८, पण मग वडिलांना पटेल असं कारण पायजे. रोज वॅलोरंट, सुट्टीला फोर्झा नाहीतर सायबरपंक, पुढं जीटीए ६ पण खेळायचंय.

लाईट_गेली_का:
वॅलोरंटला नवीन कार्ड कशाला बे, ते प्रोसेसरवर पळतंय. आणि जीटीए ६ आधी कन्सोलवर येणार, पीसीचं अजून काही सांगितलंच नाही, त्याच्यासाठी आत्तापासून टेन्शन का घेऊलालास.

काका_फ्रेमड्रॉप:
हे बघ, यूट्यूबवर ते एका फ्रेमला किती पैसे पडले याचा तक्ता दाखवतात ना, तो बहुतेक वेळा ९८००एक्स३डी सारख्या सगळ्यात तगड्या प्रोसेसरवर काढलेला असतो, म्हणजे कार्ड कुठं अडायला नको. तुझ्याकडं ३६०० आहे. बी५८० चा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो, त्यामुळं जुन्या सहा कोरवाल्यावर काही गेममध्ये फ्रेम चांगल्याच पडतात. ड्रायव्हर सुधारत चाललेत, पण तुझ्या पीसीवर तक्त्यातले आकडे धरून चालू नको. वर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू पायजे, म्हणजे आधी बायोस, म्हणजे बोर्डचं सॉफ्टवेअर, अपडेट करणं आलं. १२ जीबी मेमरी आहे, कार्ड वाईट नाही, नवीन प्रोसेसर असता तर मीच घे म्हणलो असतो.

आणि भावाचं पण बघ. अमेरिकेत बी५८० २४९ डॉलरला आलं आणि ७६०० २६९ ला, तेही टॅक्स सोडून. तुझ्या कोटमध्ये तेच बी५८० ७६०० पेक्षा हजारानं महाग. मग तिकडचा पैसा वसूल इथं कसा लागू होणार सांग.

आता खरी गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. तुझा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता जुन्या पिढीचा. ७६०० असो, ५०६० असो नाहीतर बी५८०, या कार्डांना त्या रस्त्याच्या आठच लेन असतात, ३.० वर म्हणजे साधारण ८ जीबी सेकंदाला. मेमरी पुरली तर फारसा फरक पडत नाही, पण ७६०० नाहीतर ५०६० ची ८ जीबी भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) रॅममधून त्या अरुंद बोळातून आणावे लागतात आणि तिथं झटके बसायला लागतात. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ७० दिसतो, वळणावर गाडी थांबून थांबून जाते. म्हणून सरासरीपेक्षा वन पर्सेंट लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग) बघत जा. ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत आणि १६ जीबी मेमरी, त्यामुळं तुझ्या जुन्या बोर्डवर तेच सगळ्यात कमी त्रास देणार. महाग आहे, पण बोर्ड न बदलता पाच वर्षं काढायची असतील तर हेच.

फक्त बॉक्सवर १६ जीबी वाचून घे, त्याच नावाचं ८ जीबीवालं पण विकतात.

सेकंडहँड_शोधक:
काका बरोबर बोलतायत पण ३८ हजार म्हणजे चेष्टा नाही. जुनं आरटीएक्स ३०६० १२ जीबी बघ की, सोळा लेन, १७० वॅट, मेमरी पण भरपूर. ५०६० पेक्षा बरंच हळू, पण १०८०पी ला सेटिंग थोड्या खाली आणल्या की चालतंय. ३०६० चं पण ८ जीबी व्हर्जन आहे, त्याची मेमरीची वाट (बस) १२८ बिटचीच, म्हणजे अरुंद, ते नको. समोर अर्धा तास गेम चालवून तापमान बघ, फॅनचा आवाज ऐक, बिलावरची वॉरंटी शिल्लक असेल तरच पैसे दे.

लाईट_गेली_का:
जुन्या कार्डला मे महिन्यात आपल्या सोलापुरात पत्र्याच्या खोलीत ठेवून बघा म्हणजे कळंल 😂 बाहेरच ४३-४४ असतंय. आणि एनव्हिडियाचं डीएलएसएस (लहान चित्र एआयनं मोठं करून फ्रेम वाढवणं) राहिलं की, ५०६० ला फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डनंच बनवणं) चार पटीनं मिळतंय.

काका_फ्रेमड्रॉप:
मिळतं, पण मुळातले फ्रेम ५०-६० असले तर त्याचा उपयोग. मुळात ३० असतील तर आकडा मोठा दिसतो आणि माऊस जड लागतो. शिवाय फ्रेम जनरेशन स्वतःच मेमरी खातं, ८ जीबीवर तेच नडतं. डीएलएसएसचं चित्र भारी असतं हे मान्य, पण एएमडीचं तसंच असलेलं एफएसआर ४ पण ९००० सिरीजवर बरंच जवळ आलंय. व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर करत असशील तर मात्र गप एनव्हिडिया घे.

जुळे_सोलापूरकर:
एडिटिंग काही नाही काका. वडील म्हणणार लाईट बिल वाढंल, त्यांना काय सांगू? आणि ५५० चा एसएमपीएस चालंल का?

काका_फ्रेमड्रॉप:
१६५० चे ७५ वॅट, ९०६० एक्सटी १६ जीबीचे १६०. फरक ८५ वॅटचा. रोज तीन तास फुल लोडवर खेळलास तरी महिन्याला साडेसात-आठ युनिट, आणि वॅलोरंटला तेवढं पण नाही. वडिलांना हाच हिशोब कागदावर मांडून दाखव. ५५० चांगल्या कंपनीचा असेल तर पुरतो, बहुतेक मॉडेलना ८ पिनची एकच वायर लागते. तुझ्या १६५० ला ती लागत नसेल, त्यामुळं कॅबिनेट उघडून ती वायर आहे का आधी बघ. आणि हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती मिलीमीटर जागा आहे ते पट्टीनं मोजून मगच दोन फॅनवालं घ्यायचं का तीन ते ठरव.

जुळे_सोलापूरकर:
वायर हाय. पिंजऱ्यापर्यंत २५० भरतंय, म्हणजे दोन फॅनवालंच. रविवारी वडिलांना घेऊनच दुकानात जातो.