लाकडी टोन रिंगचा बँजो: आवाज दबतो का?

प्रश्न: अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगराळ भागातल्या लोकसंगीताच्या ओढीने मी मागून उघडा, पाच तारांचा बँजो हाताने घडवून घेत आहे (आपल्या मिरवणुकांतील कळांचा बँजो नव्हे). कारागीर धातूऐवजी लाकडी टोन रिंग (बँजोच्या तोंडावर ढोलकीच्या पुडीसारख्या ताणलेल्या पडद्याखालचे कडे) सुचवतात. त्यामुळे आवाज दबेल का?

पहिले उत्तर: दबत नाही, त्याची जात बदलते. ताणलेला पडदा टोन रिंगच्या कडेवर टेकतो. ती कड जड कांस्याची असली की सूर तीक्ष्ण आणि लांबणारा होतो, ब्लूग्रासच्या (अमेरिकेतील जलद लयीच्या, तंतुवाद्यांच्या लोकसंगीताच्या) ताफ्यात फिडलसमोरही (व्हायोलिनसमोरही) उठून दिसतो, तर लाकडी कडेवर तीव्र स्वरांश कमी होऊन ठोका गोल आणि ऊबदार येतो व लवकर विरतो. क्लॉहॅमर शैलीत (नखाने तारांवर वरून खाली ठोका देण्याच्या वादनपद्धतीत) पाचवी आखूड तार सतत घुमत असते, म्हणून हे लवकर विरणे मला गुणच वाटते.

दुसरे उत्तर: सहमत आहे. मेपल लाकडाच्या घेरावर (बँजोच्या गोल चौकटीवर) रोझवुड किंवा आबनूस यांसारख्या घट्ट लाकडाची रिंग घ्यावी आणि कड सर्वत्र एकसमान तासली आहे का, हे बोट फिरवून तपासावे. ब्लूग्रास बँजोची धातूची रिंग एकटीच सुमारे १.३ किलो भरते. तो भार खांद्यावरून उतरतो.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. रोझवुडच सांगतो.