जिप्सीच्या बंप स्टॉपची उंची कशी ठरवावी?

प्रश्न (सातारा): बामणोलीकडच्या खडकाळ वाटेवर माझ्या जिप्सीच्या मागच्या बाजूने धातू आदळल्याचा आवाज येतो. उंच पाटे (लीफ स्प्रिंग) बसवले असले तरी बंप स्टॉप (एक्सल वर येऊन चॅसीवर आदळू नये म्हणून लावलेले ठोकळे) मूळचेच आहेत. जाड रबर लावावे की पॉलियुरेथेन?

उत्तर: कृपया आधी मोजमाप घ्या. शॉकअप पूर्ण दबण्यापूर्वी आणि टायर मडगार्डला घासण्यापूर्वी बंप स्टॉप टेकलाच पाहिजे. शॉकअपचा दांडा उघडा असल्यास त्यावर केबल टाय घट्ट बांधून तीच वाट सावकाश चालवा. टाय पार टोकाला सरकला, तर शॉकअप तळाला जात आहे.

दुसरे उत्तर: सहमत. मात्र उंची बेताने वाढवा. जादा उंच स्टॉपवर एक्सल सतत टेकतो आणि चाकाची हालचाल खुंटते. माझी पसंती सूक्ष्म छिद्रांच्या पॉलियुरेथेनला आहे, कारण ते दबताना हळूहळू कडक होत जाते, तर घन रबर एकदम धक्का देते.