मतदार फुटला की नुसताच गळला?

2024 च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अ‍ॅरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही राज्यं रिपब्लिकन ट्रम्प यांनी जिंकली, तरी सिनेटवर (संसदेच्या वरच्या सभागृहात) तिथून डेमोक्रॅट निवडून गेले. म्हणजे स्वतंत्र मतदारांनी पक्ष न बघता उमेदवार बघितला, असा दावा केला जातो. अ‍ॅरिझोनापुरतं मान्य. तिथे सिनेटचे डेमोक्रॅट उमेदवार गायेगो यांना पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार हॅरिस यांच्यापेक्षा सुमारे 93 हजार मतं जास्त पडली. ही मतं पक्षाची नव्हेत.

नेवाडाचं गणित मात्र वेगळं आहे. तिथल्या डेमोक्रॅट उमेदवार जॅकी रोझेन यांना हॅरिस यांच्यापेक्षा चार-एक हजार मतं कमीच मिळाली! निकाल फिरला तो सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार सॅम ब्राउन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे 74 हजार मतं कमी पडल्यामुळे. त्यांतली बरीचशी छोट्या पक्षांकडे, 'यापैकी कोणीही नाही' या पर्यायाकडे (आपला नोटाच) गेली किंवा सिनेटचा रकाना कोराच राहिला. मिशिगनमध्येही सिनेटच्या डेमोक्रॅट उमेदवार स्लॉटकिन हॅरिस यांच्या मागेच होत्या.

म्हणून टक्केवारी बाजूला ठेवा. एकाच पक्षाच्या दोन्ही उमेदवारांची (राष्ट्राध्यक्षपदाचा आणि सिनेटचा) प्रत्यक्ष मतं एकमेकांतून वजा करा. एकाची घटली आणि समोरच्याची तेवढी वाढली नाही, तर ती गळती, पक्षांतर नव्हे. अर्थात बेरजांवरून अंदाजच बांधता येतो. पक्कं उत्तर मतपत्रिकानिहाय नोंदींतच मिळतं.

नेब्रास्कात सिनेटचे अपक्ष उमेदवार डॅन ऑस्बोर्न जेमतेम सात टक्क्यांनी हरले, ट्रम्प तिथे वीस टक्क्यांनी जिंकले असताना. पण तिथे सिनेटसाठी डेमोक्रॅट उमेदवारच नव्हता, त्यामुळे अशी वजाबाकी तिथे करता येत नाही, हे विसरून चालणार नाही.