दीर्घकाळ वीज गेल्यानंतरची भरपाई: बडोदेकरांचे अनुभव

संयोजक

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी अख्खी रात्र, आणि काहींनी त्याहून कितीतरी अधिक काळ विजेविना काढला आहे. अशा वेळी भरपाई मागता येते एवढे सर्वांच्या कानावर असते. पण ती कोणाकडे आणि कशाच्या आधारावर मागायची याविषयी ऐकीव माहितीच जास्त फिरते. म्हणून ज्यांनी प्रत्यक्ष मागणी केली, मग ती मान्य झालेली असो वा फेटाळली गेलेली असो, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. कंपनीचे किंवा अधिकाऱ्यांचे नाव घेऊ नये. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने स्पष्ट करावी: आपण वीज नसल्याच्या तासांबद्दल पैसे मागितले, की विजेमुळे झालेल्या नुकसानीबद्दल? या दोन्हींची सरमिसळ झाली की अर्ज जागच्या जागी अडतो.

पार्श्वभूमीपुरते सांगतो. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ प्रमाणे राज्य आयोग वितरण कंपनीसाठी कामगिरीची मानके ठरवतो, आणि ती पाळली गेली नाहीत तर बाधित ग्राहकाला भरपाई देण्यास कंपनी बांधील असते. भरपाई निश्चित झाल्यापासून ९० दिवसांत ती द्यावी लागते. आपल्यासाठी हा आयोग म्हणजे गांधीनगरचा गुजरात वीज नियामक आयोग.

कारेलीबाग, निवृत्त बँक कर्मचारी

आमच्या सोसायटीची लाइट मे महिन्यात, ऐन उकाड्यात, संध्याकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आली. जमिनीखालच्या केबलमध्ये दोष होता. माणसे रात्रीच आली होती हे मान्य केले पाहिजे, परंतु दोष नेमका कुठे आहे हे शोधणारी गाडी सकाळी आली, आणि रस्ता दोन ठिकाणी उगाच खोदून झाल्यावर तिसऱ्या खड्ड्यात जुना जॉइंट सापडला. त्याचे वरचे वेष्टण एका बाजूने फुटलेले होते, आतली तांब्याची पट्टी हिरवी पडली होती आणि बोट लावले तर काजळी लागत होती. मी त्याचा फोटो काढून ठेवला.

अर्जात मी भावना लिहिल्या नाहीत. ग्राहक क्रमांक, तक्रारीचा क्रमांक, ती नोंदवल्याची वेळ, पुरवठा परत आल्याची वेळ, आणि आयोगाच्या मानकांनुसार होणारी भरपाई बिलात वळती करावी अशी विनंती, एवढाच मजकूर गुजरातीत लिहून उपविभागीय कार्यालयात दिला. टेबलापलीकडच्या भाईंनी तो वाचून अतिशय सौजन्याने विचारले की लाइट तर सगळ्या एरियाची गेली होती, मग भरपाई तुम्हालाच कशी द्यायची? मी म्हणालो की सगळ्यांनाच द्या, माझी हरकत नाही. आवक शिक्क्याची प्रत हातात पडल्याशिवाय मी उठलो नाही, कारण शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे मला नोकरीनेच शिकवले आहे.

पुढे एका बिलात वजावटीची वेगळी ओळ आली. रक्कम एवढी किरकोळ होती की तिच्यात घरच्या सगळ्यांची सेव-उसळही झाली नसती. तरीही ती ओळ मला मोलाची वाटली, कारण मानक पाळले गेले नाही याची ती कंपनीने स्वतःच्या कागदावर दिलेली कबुली होती.

दांडिया बाजार, वाड्यातील भाडेकरू

आमच्या वाड्यात सगळ्यांचे मीटर दरवाजाशेजारच्या एकाच फळीवर आहेत. मागच्या पावसाळ्यात फ्यूज उडून वाडा अंधारात होता तेव्हा तक्रार नोंदवली फक्त माडीवरच्या काकूंनी, आणि भरपाईही त्यांच्याच बिलात आली. आम्हा उरलेल्यांना तुमच्या क्रमांकावर तक्रारच नाही असे उत्तर मिळाले. आता लाइट गेली की प्रत्येक बिऱ्हाड आपापला फोन करते.

समा, गृहिणी

आमचा अनुभव ऑगस्ट २०२४ च्या पुराचा आहे. विश्वामित्री नदी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर वाहत होती आणि आमच्या गल्लीत कमरेइतके पाणी होते. पाणी चढू लागताच पुरवठा बंद केला गेला, त्याविषयी आमची मुळीच तक्रार नाही; तळमजल्यावरच्या मीटरच्या पेट्या पाण्यात असताना वीज चालू ठेवली असती तर माणसे दगावली असती. आमचे म्हणणे होते ते पाणी ओसरल्यानंतरच्या काळाबद्दल. रस्ता कोरडा झाला, समोरच्या रांगेतले दिवे लागले, आमच्या बाजूचे मात्र लागेनात. आमचा डीपी, म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, वेगळा असल्याने तो तपासून झाल्याशिवाय लाइन चालू होणार नाही, एवढेच सांगण्यात येत होते.

भरपाईचा अर्ज ‘नैसर्गिक आपत्ती’ या दोन शब्दांत परत आला. पूर, चक्रीवादळ, भूकंप अशा कारणांनी मानके पाळता आली नाहीत तर कंपनीला सूट असते, आणि तशी ती असायलाही हवी. पण ती सूट पुराला आहे की पुरानंतरच्या प्रत्येक दिरंगाईला, हा प्रश्न घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे गेले. असा मंच स्थापन करणे कंपनीवर कलम ४२ ने बंधनकारक आहे आणि तिथे वकिलावाचून स्वतः बोलता येते. मी सगळ्या काळाची भरपाई मागितलीच नाही. पाणी उभे होते तो काळ आणि कोरड्या रस्त्याचा काळ असे दोन भाग पाडले, आणि दुसऱ्या भागासाठी मोबाइलमधले तारीखवेळेसह फोटो जोडले. त्यांपैकी एकात आमच्या अंधाऱ्या जिन्यातून समोरच्या घरातला फिरता पंखा दिसत होता. सुनावणीत त्या एका फोटोवर जितके प्रश्न विचारले गेले तितके माझ्या सगळ्या लेखी निवेदनावर विचारले गेले नाहीत.

कंपनीतर्फे सांगण्यात आले की तीच मोजकी पथके शहरभर फिरत होती आणि प्रत्येक भिजलेले मीटर तपासल्याशिवाय पुरवठा देणे धोक्याचे होते. यातले अर्धे मला पटले. (डीपीच्या आसपास मगर दिसल्याचे लोक लाइनमनला सांगत होते, आणि आपल्या गावात ही काही पोकळ भीती नव्हे.) पण समोरच्या रांगेची तपासणी होऊन आमची का राहिली, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. मंचाने शेवटच्या टप्प्यापुरती मागणी मान्य केली. एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती बऱ्याच जणी विचारतात: सरकारकडून मिळालेली कॅश डोल (पूरग्रस्तांना मिळणारी रोख मदत) किंवा घरवखरीची, म्हणजे घरसामानाच्या नुकसानीची, मदत हा आपत्ती निवारणाचा पैसा आहे. तो घेतला म्हणून कंपनीकडची मागणी बाद होत नाही.

सुभानपुरा, निवृत्त विद्युत अभियंता

माझी सारी नोकरी वितरणाच्या कामात गेली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून दोन गोष्टी सांगतो. ११ केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनातून वस्तीकडे येणारी मुख्य लाइन, बंद पडला तर सबस्टेशनात त्याची वेळ आपोआप किंवा हाताने नोंदली जाते. तो कधी गेला आणि कधी आला हे कोणाला नाकारता येत नाही. पण डीपीवरचा फ्यूज गेला, किंवा खांबावरून तुमच्या घरात येणारी सर्व्हिस वायर तुटली, तर वर सबस्टेशनात बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताच लागत नाही. तिथे घड्याळ सुरू होते ते तुमच्या तक्रारीने. दांडिया बाजारच्या वाड्यात जे घडले ते त्यामुळेच. फ्यूज, तारा, केबल, ट्रान्सफॉर्मर या प्रत्येकासाठी दुरुस्तीची मुदत निराळी असते, आणि शहराची व खेड्याची मुदतही सारखी नसते. म्हणून लाइट आल्यावर आलेल्या माणसाला दोष कशात होता एवढे अवश्य विचारून घ्यावे. तो सांगतो. लपवण्यासारखे त्याच्याकडे काही नसते.

वेळेबद्दल वाद झालाच तर दोन पुरावे उपलब्ध असतात. एक, फीडरच्या खंडिततेची नोंद, जी माहिती अधिकारात मागता येते आणि जिचे उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागते. दुसरा पुरावा तुमच्याच भिंतीवर आहे: हल्लीची बरीचशी इलेक्ट्रॉनिक मीटरे वीज गेल्या-आल्याच्या वेळा साठवून ठेवतात आणि ही माहिती मीटरमधून काढून घेता येते. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिसूचित केलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांत तर असे म्हटले आहे की जी मानके दुरून तपासता येतात त्यांच्या उल्लंघनाची भरपाई ग्राहकाने न मागता आपोआप दिली जावी, आणि ठरावीक मुदतीपलीकडे वीज नसणे हे त्यांच्या यादीत पहिल्या काही बाबींतच आहे. स्मार्ट मीटरवरून शहरात एवढा वादंग झाला, पण या नियमाचा फायदा ग्राहकाला कधी आणि कसा मिळणार, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

मांजलपूर, छोटा व्यावसायिक

माझे प्रकरण तासांचे नाही, नुकसानीचे आहे. वादळी पावसात रात्रभर वीज नव्हती. पहाटे ती आली तेव्हा ट्यूबलाइट नेहमीपेक्षा पांढरीफटक पेटली, पंख्याचा आवाज बदलला, आणि मी मेन स्विचपर्यंत पोचेपर्यंत टीव्हीच्या मागून जळका वास येऊ लागला होता. खांबावरची न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटलेली असताना लाइन चालू केली गेली होती. एरवी आपल्या घरात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या वर असतात; न्यूट्रलचा आधार सुटला की हे व्होल्ट घराघरांतल्या भारानुसार वाटेल तसे वाटले जातात, म्हणजे एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात वस्तू जळतात. आमच्या ओळीत नेमके हेच झाले. टीव्ही गेला, फ्रिजचे कार्ड (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेले, वाय-फायचा राउटर वितळला.

मंचाकडे न जाता मी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग धरला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत वीजपुरवठा स्पष्ट शब्दांत आहे, तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. खरी लढाई मात्र कारण सिद्ध करण्याची होती. तुमच्या घरातलेच वायरिंग सदोष असेल, असा पहिला बचाव आला. त्यासाठी मी परवानाधारक ठेकेदाराकडून घरातले वायरिंग तपासून लेखी अहवाल घेतला होता, आणि त्याच पहाटे वस्तू जळालेल्या शेजाऱ्यांनी सही केलेली निवेदने जोडली होती. एका घरात दोष असू शकतो, एकाच ओळीतल्या सगळ्या घरांत एकाच क्षणी कसा असेल, या युक्तिवादापुढे तो बचाव टिकला नाही. आदेश होण्याआधीच तडजोड झाली.

वाघोडिया रोड, नोकरदार

आईचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते. लांबलेल्या भारनियमनासारख्या एका रात्रीनंतर न उघडलेल्या कुप्या टाकून द्याव्या लागल्या. त्यांचे पैसे कोणत्या खात्यात मागायचे, तासांच्या की नुकसानीच्या?

सुभानपुरा, निवृत्त विद्युत अभियंता

ताई, ते नुकसानच आहे. तासांच्या भरपाईची रक्कम आधीच ठरलेली असते, तिच्यात औषध, दूध, भाजी यांचा वेगळा हिशेब बसत नाही. औषधाचे बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि कुप्यांवरील बॅच क्रमांकाचे फोटो ठेवा. एवढ्याशा रकमेसाठी ग्राहक आयोगाकडे जायचे का, हे मात्र आपणच ठरवावे.

मूळची रावपुऱ्याची, सध्या इंग्लंड

तुलनेसाठी इथली पद्धत सांगते. साधारण हवामानात १२ तासांपेक्षा जास्त वीज नसेल तर ठरलेली रक्कम मिळते. वादळ असेल तर ही मुदत वाढते, पण देणे संपूर्ण माफ होत नाही. पैसे बिल पाठवणारी कंपनी देत नाही, तारांचे जाळे सांभाळणारी कंपनी देते. आमच्याकडे वादळानंतर चेक आला तेव्हा मी अर्जदेखील केला नव्हता. समाच्या ताईंचा अनुभव वाचताना हाच फरक जाणवला: तिथे आपत्ती म्हटले की दार बंद होते, इथे ते उशिरा उघडते.

संयोजक

मंचाचा निर्णय मान्य नसेल तर पुढची पायरी विद्युत लोकपालाची आहे, हे कोणी लिहिले नव्हते म्हणून नोंदवतो. लोकपालांपर्यंत गेलेल्यांनी अवश्य लिहावे. मांजलपूरच्या भाऊंना एक प्रश्न आहे: तडजोडीत जुन्या वस्तूंची किंमत कशी धरली गेली?

मांजलपूर, छोटा व्यावसायिक

टीव्ही वॉरंटीत होता आणि पक्के बिल होते, त्यामुळे त्याची जवळपास पूर्ण किंमत मिळाली. फ्रिज जुना असल्याने घसारा वजा झाला, तरी कार्ड बदलल्याचे सर्व्हिस सेंटरचे बिल पूर्ण धरले गेले. राउटरचे बिल नव्हते. त्याचे काही मिळाले नाही. जळलेली कार्डे मी मेकॅनिकला परत नेऊ दिली नव्हती, आणि कंपनीच्या माणसाने तडजोडीच्या आधी तीच पिशवी उघडून सर्वांत जास्त वेळ पाहिली.