१९८२ हे वर्ष कशासाठी लक्षात ठेवावे?

धागालेखक

१९८२ सालाच्या आठवणी निघाल्या की आधी दिल्लीचे एशियाड येते, मग अप्पू हत्ती, रंगीत दूरदर्शन आणि ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना झालेली गंभीर इजा. गिरणी संप आलाच तर शेवटी, एका वाक्यात. हा क्रम मला मान्य नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील साठाहून अधिक कापड गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्याच महिन्यात अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते आणि बाबासाहेब भोसले त्या जागी येत होते. अडीच लाख हा झाला हजेरीपटावरचा आकडा. खानावळ चालवणारी बाई, वर्षभर उधारीवर किराणा देणारा वाणी, गावाकडचे आईवडील आणि शिकणारी भावंडे यांचीही मिळकत त्याच दिवशी थांबली.

माझे वडील साचाखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, होते आणि परळच्या एका चाळीत गाववाल्यांच्या खोलीवर राहत. तीन पाळ्यांमुळेच त्या खोलीत अठरा जण राहू शकत होते, कारण काही जण कामावर असताना बाकीचे झोपत. संप सुरू झाल्यावर सगळे एकाच वेळी खोलीवर आले आणि पाठ टेकायला जागा उरली नाही. पहिल्या काही आठवड्यांतच निम्मे लोक गावी परतले, ते उपासमारीच्याही आधी या अडचणीपोटी. संपाविषयी इतके लिहिले गेले, तरी ही साधी गोष्ट मला फारशी कुठे वाचायला मिळालेली नाही. ज्या वर्षी एका शहराचा दिनक्रम भोंग्यावरून सुटला, त्या वर्षाची ओळख रंगीत पडद्यावरून का व्हावी?

प्रतिसाद : मागवाला

मी इचलकरंजीचा आहे आणि आमच्या घरात दोन पिढ्या यंत्रमाग चालले, म्हणून हा मतभेद नोंदवतो. संपाचे दुःख खरे आहे, परंतु गिरण्यांचा ऱ्हास १९८२ मध्ये सुरू झाला नाही. गिरण्यांतील मागांच्या वाढीवर सरकारने १९५० च्या दशकातच बंधने घातली होती, यंत्रमागाला करांत सवलत होती, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे कापड स्वस्त पडत असल्यामुळे विणकाम संपाच्या कितीतरी आधीपासून तिकडे सरकत होते. अहमदाबादेत असा संप झाला नव्हता, तरी तेथील अनेक गिरण्या त्याच दशकात बंद पडल्या. तेव्हा संपाने ही प्रक्रिया वेगाने पुढे नेली असे म्हणता येईल. तिचा आरंभ मात्र त्या वर्षाच्या खात्यावर मांडता येणार नाही.

दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण मात्र १५ ऑगस्ट १९८२ पासूनच सुरू झाले. एकच बातमीपत्र एकाच वेळी देशभरच्या घरांत दिसू लागले आणि संध्याकाळच्या जेवणाची वेळ, अभ्यासाची वेळ, शेजाऱ्यांकडे जाण्याचे निमित्त, सारे त्याभोवती फिरू लागले. वर्षाची ओळख त्या वर्षी जे नव्याने सुरू झाले त्यावरून ठरावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : तळकोकण

दैनंदिन जीवन म्हणजे कोणाचे, हे आधी ठरवावे लागेल. आमच्या गावात १९८२ मध्ये एकही दूरचित्रवाणी संच नव्हता, आणि प्रक्षेपण पोहोचायला पुढची बरीच वर्षे गेली. मुंबईच्या मनिऑर्डरी मात्र त्याच वर्षी शिमग्याच्या सुमारास थांबल्या. पोस्टमन वाडीत यायचा तेव्हा बायका अंगणात येऊन उभ्या राहत. त्या वर्षी तो मान खाली घालून नुसता पुढे जाऊ लागला. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा त्याच जूनमध्ये सुटली आणि पुन्हा सुरू झाली नाही. मागवाला यांनी सांगितलेली आर्थिक कारणे बरोबर असतीलही, पण ती कारणे आमच्या घरात येऊन पोहोचली ती १९८२ मध्ये.

प्रतिसाद : खो-खोवाली

एशियाडची आठवण उथळ आहे असा सूर या चर्चेत येतो आहे, तो मला पटत नाही. मी तेव्हा आठवीत होते आणि शाळेच्या खो-खो संघात खेळत होते. एम. डी. वलसम्मा यांनी ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले, पी. टी. उषा यांनी १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदके मिळवली, आणि सायंकाळी मैदानावर थांबायचे नाही असे सांगणाऱ्या आमच्या घरात त्या आठवड्यात पहिल्यांदा कोणी काही बोलले नाही. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून झालेला १-७ असा पराभवही आम्ही शेजाऱ्यांच्या घरी दाटीने बसून पाहिला. ते घरही गिरणी कामगाराचेच होते आणि तो संच संपाच्या आधी हप्त्याने घेतलेला होता. संपाची माणसे आणि एशियाड पाहणारी माणसे निराळी होती, असे समजून वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

धागालेखक

खो-खोवाली यांचे म्हणणे मी स्वीकारतो. मूळ लेखनात मी तो भेद फार ठळक केला.

मागवाला यांच्या युक्तिवादाला मात्र उत्तर द्यायला हवे. गिरण्या पुढेमागे बंद पडल्या असत्या हे मान्य केले, तरी त्या कशा बंद पडाव्यात, हा प्रश्न शिल्लक राहतो. संपाची ठिणगी बोनसची होती, पण त्यामागे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा राग होता. या कायद्यामुळे संपूर्ण उद्योगासाठी बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे हे ठरवण्याचा हक्क कामगार मागत होते. तो त्यांना मिळाला असता, तर गिरण्या बंद होताना देणी, पर्यायी काम आणि जमीन यांविषयी त्यांच्या विश्वासातला माणूस वाटाघाटीला बसला असता.

आणखी एक गोष्ट. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. सरकारने १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, काही कामगार परतले, असंख्य परतलेच नाहीत. वर्तमानपत्रे तारखांवर चालतात. या संपाला आरंभाची तारीख आहे, शेवटाची नाही. आठवणींच्या यादीत तो मागे पडतो, त्याचे हेही एक कारण असावे.

प्रतिसाद : मागवाला

कायद्याचा मुद्दा योग्य आहे. माझ्या विचारात तो आला नव्हता. तरीही माझ्या यादीत १५ ऑगस्ट पहिल्या स्थानावरच राहील, कारण इचलकरंजीत त्या वर्षी आमचे माग रात्रंदिवस चालत होते आणि मुंबईच्या संपामुळे आलेल्या मागणीच्या पैशातूनच पुढे आमच्या घरी पहिला संच आला. आजोबांनी तो देवघराशेजारच्या खोलीत ठेवला. तो पैसा कोणाच्या बंद पडलेल्या साच्यावरून आला, याचा उच्चार आमच्या घरात कोणी केल्याचे मला आठवत नाही.