उद्यानातील पाचोळा जाळू नये, याबाबत

उद्यान गट समन्वयक : सर्व सभासदांना नमस्कार. आज सकाळी आपल्या सोसायटीसमोरील सार्वजनिक उद्यानात गेलो असता कुंपणालगत कोणीतरी पाचोळ्याचा ढीग पेटवून दिलेला आढळला. मागील पावसाळ्यात आपण लावलेल्या करंजाच्या रोपाची एका बाजूची सगळी पाने करपून गेली आहेत. दुसऱ्या बाजूची साल नखाने किंचित खरवडून पाहिली, तेव्हा आत हिरवे दिसले. म्हणून ते रोप कोणीही उपटू नये, अशी विनंती आहे. पाचोळा उघड्यावर जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई आहेच, पण मला अधिक वाईट याचे वाटते की, मे महिन्यात झाडांना ज्याची सर्वाधिक गरज भासते तेच आपण मार्चमध्ये जाळून टाकतो. जळगावात तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काळ्या मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सकाळी घातलेल्या पाण्याचा दुपारी मागमूसही राहत नाही. निंबाची पानगळ सध्या सुरू आहे, तेव्हा हा पाचोळा याच महिन्यात झाडांच्या आळ्यांत पसरावा, असा माझा प्रस्ताव आहे.

ए विंग, आबा : तुमची तळमळ मी जाणतो. परंतु पाचोळा साचला की विंचू-सापाचे भय असते, आणि संध्याकाळी लहान मुले तिथेच खेळतात. ढीग राहणार असतील तर माझा विरोध नोंदवून घ्यावा.

उद्यान गट समन्वयक : आबा, आपली हरकत रास्त आहे. ढीग कोठेही राहणार नाही. बाके आणि घसरगुंडी यांच्याजवळची आळी मोकळीच ठेवू, आणि उरलेल्या आळ्यांत चार बोटे जाडीचाच थर देऊ.

सी विंग, ताई : माझे माहेर यावल तालुक्यातले आहे. तिकडे केळीची कापलेली पाने बागेतच अंथरतात आणि उष्ण वारा अडवण्यासाठी बागेच्या कडेने शेवरी लावतात. पाचोळ्याखालची माती भर दुपारी हाताला गार लागते, हे मी लहानपणापासून अनुभवले आहे. फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. पाचोळा खोडाला टेकला तर साल ओली राहून कुजते आणि उधईही लागते.

बी विंग, दादा : प्रस्तावास माझी संमती आहे. त्याच दिवशी दिव्यावर आलेली निंबाची फांदीही तोडून घ्यावी का? कोयता माझ्याकडे आहे.

उद्यान गट समन्वयक : दादा, फांदीला कृपया हात लावू नये. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानुसार त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. उद्यान सार्वजनिक आहे आणि आपण तेथे केवळ सेवेकरी आहोत. अर्ज मी उद्या देतो. रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढण्यापूर्वी, सर्वांनी टोपली आणि खराटा घेऊन यावे.

ए विंग, आबा : बाकांजवळची आळी मोकळी राहणार असतील तर माझा विरोध नाही. करंजाला आज संध्याकाळी दोन बादल्या पाणी मी घालतो. नळाची चावी वॉचमनकडे ठेवावी.